स्कॅनरच्या अँटेनाला एवढा गेन कशाला?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्यात एम.ई. करणाऱ्या एका मुलाला विमानतळावरच्या बॉडी स्कॅनरसाठी २४ ते ३० गिगाहर्ट्झचा अँटेना हा विषय मिळाला आहे. त्याने चार बाय चार पॅचचा (बोर्डावर छापलेल्या तांब्याच्या चौकोनी तुकड्यांचा) अ‍ॅरे सिम्युलेट केला, गेन (शक्ती एका दिशेला किती एकवटते ते; डीबीआय हे त्याचं माप) १८ डीबीआय आला. आता तो विचारतो, "काका, हा गेन २२पर्यंत नेला तर चित्र आणखी स्वच्छ येईल ना? आणि हे इथेच मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बनवून होईल का?"

गेन वाढवलास तर चित्र बिघडेल. आत्ता आहे तोच जास्त आहे. बनवण्याचं शेवटी बोलू.

तुझा समज असा का झाला ते कळतं. मिलिमीटर वेव्ह अँटेना म्हणून शोधलं की समोर फाइव्ह-जीचे पेपर येतात. आपल्याकडे २०२२च्या लिलावात २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांना मिळाला, बँड जवळपास तोच, म्हणून अँटेनाही तसाच असणार असं वाटतं. पण टॉवरवरच्या अँटेनाला शेकडो मीटर लांबचा फोन गाठायचा असतो, तिथे गेन म्हणजे पल्ला. स्कॅनरमध्ये माणूस अर्ध्या मीटरवर उभा आहे. त्याच्यापर्यंत पोचणं हा प्रश्नच नाही.

स्कॅनरचा अँटेना स्वतः चित्र काढत नाही. तो फक्त नोंद करतो: या जागेवरून, या फ्रिक्वेन्सीला, परत आलेल्या लहरीची ताकद एवढी आणि फेज (लहर तिच्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) एवढी. अशा हजारो जागांवरच्या नोंदी गोळा करून कॉम्प्युटर शरीराच्या प्रत्येक बिंदूवर नंतर फोकस साधतो. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीच्या शीन, मॅकमॅकिन आणि हॉल यांनी २००१ साली २७ ते ३३ गिगाहर्ट्झवर हे करून दाखवलं. हात वर करून काचेच्या गोल कक्षात उभं राहायचं आणि दोन उभे खांब भोवती फिरतात, तो 'प्रोव्हिजन' नावाचा स्कॅनर त्याच घराण्यातला. देवळातल्या प्रदक्षिणेसारखंच आहे ते. फिरताना प्रत्येक पावलावरून मूर्तीकडे नजर जात असेल तरच तिचं पूर्ण रूप मनात उभं राहतं. झापडं लावून चाललास तर एकेका अंगाचं एकदाच ओझरतं दर्शन. गेन वाढला की अँटेनाचा झोत, म्हणजे बीम, अरुंद होतो; उंच गेनचा अँटेना म्हणजे ती झापडं.

आता आकड्यांत. मधल्या २७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ११.१ मिलिमीटर. किती बारीक तपशील दिसेल याचा सोपा हिशोब असा: तरंगलांबीला बीमविड्थच्या (बीम जेवढ्या कोनात पसरते त्याच्या) निम्म्या कोनाच्या साइनच्या चौपटीने भागायचं. ६० अंशांची बीम असेल तर उत्तर साडेपाच मिलिमीटर. तुझ्या १८ डीबीआयच्या अ‍ॅरेची बीम साधारण २० अंश, म्हणजे १६ मिलिमीटर. २२ डीबीआयवर गेलास की बीम १४ अंशांवर येते आणि तपशील २३ मिलिमीटरवर. एवढ्या जाड चित्रात छोटा चाकू शर्टाच्या बटणपट्टीत मिसळून जाईल. मात्र या सूत्रात जो कोन लहान तो धरायचा, अँटेनाच्या बीमचा किंवा पूर्ण स्कॅनच्या रुंदीने लक्ष्यापाशी होणारा. तू ३० सेंटिमीटरच्याच पट्टीत अँटेना फिरवणार आणि वस्तू एक मीटरवर ठेवणार असशील, तर बीम कितीही रुंद कर, फायदा नाही.

मग बीम ९० अंश का नको? कारण बीमचा आणि दोन नोंदींमधल्या अंतराचा हिशोब एकच आहे. वरचंच सूत्र ३० गिगाहर्ट्झसाठी, म्हणजे १० मिलिमीटर तरंगलांबीसाठी मांड: ६० अंशांना दर ५ मिलिमीटरवर नोंद हवी, ९० अंशांना दर साडेतीन मिलिमीटरवर. अंतर याहून जास्त ठेवलंस तर चित्रात नसलेले हात आणि नसलेल्या पिस्तुली उगवतात. साडेतीन मिलिमीटरवर अँटेना बसवायला जागा नसते. म्हणून मी ६० ते ७० अंशांवर थांबतो. त्याचा गेन आपोआप ७ ते ९ डीबीआय येतो आणि तेवढा पुरतो. तुझा चार बाय चारचा अ‍ॅरे तीन सेंटिमीटर रुंद आहे. तो दर ५ मिलिमीटरवर कसा बसवणार, हा प्रश्न तुला सिम्युलेशनने विचारला नाही, कारण सिम्युलेशनमध्ये तो एकटाच होता.

५ मिलिमीटरही तसे अडचणीचेच, पण त्यावर जुनी आणि सुंदर युक्ती आहे. पाठवणारे अँटेना एका ओळीत, दर १० मिलिमीटरवर. ऐकणारे शेजारच्या ओळीत, तेही दर १० मिलिमीटरवर, पण ५ मिलिमीटर सरकवून. प्रत्येक पाठवणारा आधी डावीकडच्या आणि मग उजवीकडच्या ऐकणाऱ्याबरोबर जोडी जमवतो. जोडीची नोंद दोघांच्या मध्यबिंदूवर घेतल्यासारखी धरता येते, आणि हे मध्यबिंदू बरोबर ५ मिलिमीटरवर पडतात. दोन मीटर उंचीच्या खांबाला ४०० नोंदी हव्यात, त्या २०० पाठवणारे आणि २०० ऐकणारे एवढ्यावर मिळतात.

आता खरी डोकेदुखी. पाठवणाऱ्याने शून्य डीबीएम, म्हणजे एक मिलिवॉट सोडला. दोन्ही अँटेनांचा गेन ८ डीबीआय. अर्ध्या मीटरवर छाती, जाऊन-येऊन एक मीटर, त्याचा ऱ्हास ६१ डीबी. ३० गिगाहर्ट्झच्या आसपास त्वचा निम्म्याहून थोडी कमी शक्ती परत फेकते, बाकीची मिलिमीटरभर आतही जात नाही. म्हणजे समोरासमोरच्या सपाट भागावरून परत येतात उणे ४८ डीबीएम. रिसीव्हरचा नॉइज एक मेगाहर्ट्झ बँडविड्थला उणे ११० डीबीएमच्या आसपास. सिग्नल भरपूर आहे, गेनची भूक कुठेच नाही.

पण पाठवणाऱ्याच्या शेजारीच ऐकणारा बसलाय. त्यांच्यातलं कपलिंग (एकातून दुसऱ्यात थेट शिरणारा सिग्नल) उणे ३० डीबी धर, सिम्युलेशनमध्ये एवढं आलं की मुलं खूश होतात. म्हणजे थेट गळती उणे ३० डीबीएम. माणसाकडून परत येणाऱ्या सिग्नलपेक्षा ती १८ डीबीने मोठी! आणि ही तुलना छातीच्या सपाट भागाशी आहे. खांद्याच्या कडेवरून किंवा मांडीच्या वळणावरून येणारा सिग्नल त्याहून कितीतरी बारीक असतो.

यावर सगळे एकच करतात: कक्ष रिकामा असताना नोंद घेऊन ठेवायची आणि माणसाच्या नोंदीतून ती वजा करायची. वजाबाकी चालते, पण गळती हलली नाही तरच. गळतीची फेज एका अंशाने सरकली तर वजाबाकीनंतर उणे ६५ डीबीएमचा गाळ उरतो. ताकद ०.१ डीबीने बदलली तर उणे ६९चा. सकाळी रिकामी नोंद घेतली आणि दुपारी मे महिन्यातल्या बडोद्यात ४२ अंशांत पत्र्याच्या शेडखाली माप घेतलं, तर फेजचा एक अंश म्हणजे काहीच नाही. तेव्हा कपलिंग कमी कर हे तर आहेच, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते स्थिर ठेव. अँटेना धातूच्या जाड पट्टीवर घट्ट बसव, केबल लोंबकळू देऊ नकोस, आणि रिकामी नोंद दर काही मिनिटांनी पुन्हा घे.

गळती वेळेवरून वेगळी काढता येत नाही का, असं तू विचारशील. बरीचशी येते. गळती लगेच पोचते, शरीराकडून येणारी लहर ३.३ नॅनोसेकंद उशिरा, आणि ६ गिगाहर्ट्झच्या बँडविड्थला ०.१७ नॅनोसेकंदांचा फरक कळतो. पण अँटेनाने घंटेच्या शेपटीसारखं वाजत राहू नये एवढी अट आहे. शेपटी बहुतेक वेळा अँटेना आणि स्विच यांच्यामधल्या उलटसुलट परावर्तनातून येते. दोघांचाही रिटर्न लॉस (मागे फिरणारी लहर मूळ लहरीपेक्षा किती खाली आहे ते) १० डीबी असेल तर मूळ सिग्नलच्या मागोमाग २० डीबी खालची एक प्रत निघते. मधली लाइन मायक्रोस्ट्रिपवर, म्हणजे बोर्डावर छापलेल्या तांब्याच्या पट्टीवर, १० सेंटिमीटर असेल तर चित्रात माणसाच्या १६ सेंटिमीटर मागे त्याचं भूत उभं राहतं. पेपरांत उणे १० डीबीची रेघ मारून बँडविड्थ सांगायची पद्धत आहे. स्कॅनरसाठी ती रेघ उणे १५वर मार, आणि पूर्ण २४ ते ३०मध्ये. लाइनही जमेल तेवढी आखूड ठेव.

याच मागणीवर साधा पॅच नापास होतो. २७ गिगाहर्ट्झवर ६ गिगाहर्ट्झ म्हणजे २२ टक्के बँड. पातळ सबस्ट्रेटवरचा (तांब्याखालच्या थरावरचा) एकपदरी पॅच दोन-चार टक्क्यांत दमतो. सबस्ट्रेट जाड केलास तर पृष्ठलहरी सुटतात आणि त्या शेजाऱ्याच्या घरात शिरतात, म्हणजे कपलिंग वाढलं. दोन मजली पॅच आणि खालून स्लॉटमधून फीड केलं तर २० टक्क्यांच्या पुढे जाता येतं. हजारोंच्या संख्येने बनवायचे असतील तर मी तोच रस्ता धरीन. पण त्याला बहुपदरी बोर्ड लागतो, पदर एकमेकांवर अचूक बसावे लागतात, आणि एम.ई.च्या वेळेत दुसरी फेरी करायला सवड मिळत नाही.

तुझ्यासाठी व्हिवाल्डी बरा. तांब्यात कोरलेली, तोंडाशी हळूहळू रुंद होत जाणारी फट. २४ गिगाहर्ट्झला तोंड किमान अर्ध्या तरंगलांबीचं, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर हवं. ७ मिलिमीटर ठेव आणि लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. याचा मोठा फायदा असा की अख्खी ओळ एकाच बोर्डाच्या कडेवर १० मिलिमीटरच्या अंतराने छापता येते. मग अँटेना एका रेषेत आहेत का, अंतर सारखं आहे का, ही काळजी फोटोप्रिंटच घेतो. पाठवणाऱ्यांचा एक बोर्ड, ऐकणाऱ्यांचा दुसरा, ५ मिलिमीटर सरकवलेला, आणि दोघांच्या मध्ये धातूची पट्टी. पट्टीच्या पुढच्या कडेत पावणेतीन मिलिमीटर खोल खाचा पाड. ही पाव तरंगलांबी झाली, त्याने कडेवरून सरपटणारी लहर अडते.

व्हिवाल्डीत एक खोट आहे. लहर नेमकी कुठून सुटल्यासारखी दिसते तो बिंदू, म्हणजे फेज सेंटर, फ्रिक्वेन्सीबरोबर फटीत पुढेमागे सरकतो. समोरच्या दिशेचं हे सरकणं धातूच्या सपाट प्लेटवर कॅलिब्रेशन करून निघून जातं. पण कोनाप्रमाणे बदलणारा भाग उरतो आणि चित्राच्या कडा मऊ करतो. म्हणून लांब व्हिवाल्डीचा मोह टाळ. लांबी वाढली की गेन वाढतो, बीम आवळते आणि फेज सेंटरची धाव लांबते, तिन्ही गोष्टी आपल्याला नको असलेल्या.

आणखी एक. ओळीतल्या मधल्या अँटेनाला दोन्हीकडे शेजारी असतात, टोकाच्याला एकीकडेच, त्यामुळे दोघांचा पॅटर्न सारखा येत नाही. टोकांना दोन-दोन बिनकामाचे अँटेना ठेवून त्यांना ५० ओहमचे लोड लाव. आणि प्रबंधात एकट्या अँटेनाचा पॅटर्न छापू नकोस, ओळीत बसलेल्या अँटेनाचा मोजलेला छाप. मी परीक्षक असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. चारशे सारखे अँटेना हे एका उत्कृष्ट अँटेनापेक्षा कठीण काम आहे.

आता मकरपुरा. जीआयडीसीत सीएनसी आणि वायर-कटचं काम करणारे भरपूर आहेत, तेव्हा संदर्भासाठी पितळेचा वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी पोकळ नळी) अँटेना तिथे जरूर बनवून घे. डब्ल्यूआर-३४ हे माप आतून ८.६४ बाय ४.३२ मिलिमीटर असतं आणि २२ ते ३३ गिगाहर्ट्झला चालतं. अरुंद बाजूला तोंड ८ मिलिमीटरपर्यंत थोडं फाकवलंस की त्या प्रतलात बीम ७० अंशांच्या आसपास येते आणि १० मिलिमीटरच्या अंतरात ते बसतंही. फेज सेंटर जवळजवळ जागेवर राहतं. व्हिवाल्डीचं माप संशयास्पद आलं की याच्याशी ताडून पाहायचं.

बोर्डासाठी मात्र कारखाना जवळ आहे म्हणून तिथे जाऊ नकोस. आधी विचार: लॅमिनेट (बोर्डाचा मूळ पदार्थ) कोणतं देणार, कोरीव कामाची चूक किती मायक्रॉन, आणि वरचं फिनिश काय. एफआर-४, म्हणजे नेहमीच्या सर्किट बोर्डाचा पदार्थ, नको. त्याचा लॉस टँजंट (लहरीची किती शक्ती पदार्थात जिरते त्याचं माप) ०.०२च्या घरात, आणि पुन्हा बॅच बदलली की परमिटिव्हिटी (लहर पदार्थात किती मंदावते ते ठरवणारा गुण) बदलते. रॉजर्सचा आरओ ४३५०बी चालेल, आरटी ड्युरॉइड ५८८० आणखी चांगला (लॉस टँजंट ०.०००९, पण मऊ असतो, हाताळताना वाकतो). जाडी ०.२५४ मिलिमीटर. फिनिशबद्दल बहुतेक जण विचारतच नाहीत. ३० गिगाहर्ट्झला तांब्यात करंट ०.४ मायक्रॉनपेक्षाही कमी खोलीत वाहतो. नेहमीच्या सोन्याच्या फिनिशखाली काही मायक्रॉन निकेल असतं, तेव्हा फटीच्या कडांवर तुझा करंट तांब्यातून न जाता निकेलमधून जातो, आणि निकेल हा या कामाला वाईट धातू. इमर्शन सिल्व्हर सांग. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती काळी पडते, तर बोर्ड सीलबंद पिशवीत ठेव.

कनेक्टर २.९२ मिलिमीटरचे, ते ४० गिगाहर्ट्झपर्यंत चालतात. साधा एसएमए १८ गिगाहर्ट्झसाठी आहे, तो लावून मग अँटेनाला दोष देऊ नये. पण २.९२चं अंगही एका सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतं, १० मिलिमीटरवर शेजारी-शेजारी स्पॅनर फिरत नाही. लाइन पंख्यासारख्या पसरवून कनेक्टर लांब न्यावे लागतील, आणि सगळ्या लाइनची लांबी सारखी ठेवावी लागेल. लाइन आखूड ठेव असं वर म्हटलं ते याच्याशी भांडतं, हे मला माहीत आहे. मोजमापाच्या बोर्डावर लाइन लांब राहू दे, कनेक्टर चांगला जुळवून घे. अंतिम रचनेत स्विच बोर्डावरच आले की कनेक्टर जातात.

पॅटर्न मोजायला मोठी अनेकोइक, म्हणजे प्रतिध्वनी न उठणारी, खोली लागेल या भीतीने थांबू नकोस. फारफील्डचं अंतर (ज्याच्या पुढे पॅटर्नचा आकार बदलत नाही ते) दोन सेंटिमीटरच्या अँटेनाला ८ सेंटिमीटर असतं. टेबल, थोडा अ‍ॅब्सॉर्बर, फिरती चकती आणि ४० गिगाहर्ट्झपर्यंतचा नेटवर्क अ‍ॅनलायझर एवढ्यावर काम होतं. उलट एक मीटरच्या ओळीचं तेच अंतर २०० मीटर निघतं. माणूस अर्थातच त्याच्या फार आत उभा असतो, म्हणून 'अ‍ॅरेचा गेन' हा शब्दच स्कॅनरमध्ये निरर्थक आहे. तो प्रबंधातून काढ.

सर्वात पटण्याजोगी चाचणी प्रत्यक्ष चित्राचीच. जुन्या थ्रीडी प्रिंटरच्या किंवा सीएनसीच्या फ्रेमवर एक पाठवणारा आणि एक ऐकणारा बसव, ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोन दर ५ मिलिमीटरवर फिरव, म्हणजे ६१ गुणिले ६१, एकूण ३,७२१ नोंदी. समोर थर्माकोलवर बेअरिंगची ४ मिलिमीटरची गोळी. बडोद्यात बेअरिंगची गोळी मिळणं काही अवघड नाही. ती २५ सेंटिमीटरवर ठेव, म्हणजे स्कॅनने होणारा कोन ६० अंशांहून थोडा जास्त राहतो. बॅक-प्रोजेक्शन (नोंदींवरून प्रत्येक बिंदूवर फोकस साधायचा हिशोब) पायथनमध्ये पन्नास-साठ ओळींत लिहून होतं. गोळीचा ठिपका साडेपाच-सहा मिलिमीटरचा आला तर अँटेना पास. मग तुझा चार बाय चारचा अ‍ॅरे त्याच फ्रेमवर लावून तीच गोळी पुन्हा पाहा. ती दोन चित्रं शेजारी-शेजारी छापलीस तर प्रबंधाचं अर्धं काम झालं.

खोलीच्या दिशेने मात्र ६ गिगाहर्ट्झमध्ये २५ मिलिमीटरच मिळतात, त्यात अँटेना काही करू शकत नाही. जर्मनीच्या रोड अँड श्वार्झने ७० ते ८० गिगाहर्ट्झ घेतले तेव्हा १० गिगाहर्ट्झच्या बँडमुळे खोलीत १५ मिलिमीटर मिळाले, आडव्या दिशेने दोनच्या आसपास. पण तिथे दर दोन मिलिमीटरला अँटेना भरणं कोणालाच शक्य नाही. त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत ७३६ पाठवणारे आणि ७३६ ऐकणारे विरळ पसरवून पाच लाखांहून जास्त जोड्या मिळवल्या होत्या. तू त्या वाटेला आत्ता जाऊ नकोस, ७७ गिगाहर्ट्झला पॅच एक मिलिमीटरचा होतो आणि कोरीव कामातली २५ मायक्रॉनची चूक अडीच टक्क्यांची होते.

ध्रुवीकरण, म्हणजे लहरीचं विद्युत क्षेत्र ज्या दिशेने डोलतं ती दिशा, साधं उभं ठेव. वर्तुळाकार ध्रुवीकरणाने एकदा आपटून आलेली आणि दोनदा आपटून आलेली लहर वेगळी ओळखता येते, त्यामुळे गुळगुळीत शरीर आणि कोनेवाली वस्तू यांत फरक पडतो, पण ते पीएच.डी.चं काम आहे.

घरी कोणी विचारेलच की हे किरण अंगाला बरे का. हे एक्स-रे नाहीत. एक्स-रेचे बॅकस्कॅटर स्कॅनर अमेरिकेच्या विमानतळांवरून २०१३मध्ये हटवले गेले, ते वेगळं यंत्र. आपल्या हिशोबात एक मिलिवॉट, ८ डीबीआय, अर्धा मीटर असं धरलं तर माणसापाशी दर चौरस मीटरला सुमारे दोन मिलिवॉट पडतात. सर्वसामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॉट आहे.

परवानगीचं मात्र गंभीरपणे घे. अर्धा बँड आता मोबाइल कंपन्यांचा आहे. चाचणी बंद खोलीत, अ‍ॅब्सॉर्बरच्या आत, मिलिवॉटच्या खाली कर, आणि कॉलेजमार्फत प्रायोगिक परवान्याची चौकशी आधीच करून ठेव. बोर्ड हातात आले की एस-पॅरामीटरच्या (नेटवर्क अ‍ॅनलायझरने मोजलेल्या परावर्तनाच्या आणि कपलिंगच्या) फायली पाठव. आधी पाठवणारा ते ऐकणारा, म्हणजे कपलिंगची फाइल पाठव, रिटर्न लॉस मागाहून पाहीन.